भन्सारच्या खिडकीवर दिवस विकत मिळतात

*काका, मी औसा तालुक्यातला, वय २७. घरी आठ एकर जमीन, सोयाबीन आणि हरभरा. शिवाय सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर कामाला असतो. आम्ही तिघं मित्र नोव्हेंबरात मोटारसायकलवर नेपाळात मुक्तिनाथला जायचं म्हणतोय. त्या दोघांच्या गाड्या मोठ्या आहेत. माझी दीडशे सीसीची, २०१८ सालची, कार्ब्युरेटरची, आणि वडिलांच्या नावावर. मित्र म्हणतात, हिच्यानं चढणार नाही, कर्ज काढून मोठी घे. बारा दिवसांत जाऊन यायचं ठरलंय, जमलं तर मुक्तिनाथच्याही पुढं वरच्या मुस्तांगात. माझ्याकडं बासष्ट हजार साठलेत. वडील म्हणतात, रिकामे उद्योग आहेत. आई तर ऐकूनच घाबरलीय. ती किल्लारीच्या भूकंपातून वाचलेली. नेपाळ म्हटलं की तिला टीव्हीवर बघितलेली पडकी घरं दिसतात. काय करू? — एक वाटसरू, औसा*

काका म्हणालास, म्हणून अरेतुरे करतो.

गाडीचा प्रश्न सगळ्यात सोपा, तो आधी संपवू. कर्ज काढू नकोस. तुझी गाडी मुक्तिनाथला जाते. मी एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होतो आणि त्या वाटेनं दोनदा गेलोय, दोन्ही वेळा दीडशे सीसीवर. मुक्तिनाथ साधारण ३,७०० मीटर उंचीवर आहे. तिथं हवा इतकी विरळ होते की इंजिनाची जवळपास एक तृतीयांश ताकद जाते. मोठी गाडी असली तरी तिचीही तेवढीच जाते. पण तिथल्या चढावर ताकदीपेक्षा पहिल्या गिअरमध्ये, घाई न करता, क्लच न जाळता चालवणारा हात लागतो. तिकडची माणसं याच वाटेवर सव्वाशे-दीडशेच्या गाड्यांवर बायको-पोरं आणि पोती घेऊन रोज फिरतात. आपल्या पल्सर तर नेपाळात गल्लोगल्ली आहेत. त्यामुळं केबल तुटली, प्लग गेला, तर बेनीसारख्या गावातला मेकॅनिकही तुझी गाडी डोळे मिटून खोलेल. हल्लीच्या महागड्या गाडीचा सेन्सर बिघडला तर तो बिचारा काय करणार?

कार्ब्युरेटरचं एक सांगतो. उंचीवर हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, म्हणून मिश्रण जड होतं. गाडी गुदमरते, आयडलिंगला बंद पडते, प्लग काळा होतो. घाबरू नकोस. एअर फिल्टर स्वच्छ ठेव, आयडलिंग थोडं वाढव, एक प्लग जवळ असू दे. मेन जेटला, म्हणजे कार्ब्युरेटरातल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळीला, हात लावायचा नाही. खाली उतरलास की गाडी आपोआप ताळ्यावर येते.

कर्जाबद्दल मी कडक बोलतोय, कारण हिशोब माझ्यासमोर आहे. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता आणि लातूरच्या अडतीत शेतकऱ्याच्या हातात त्यापेक्षा किती कमी पडले हे तू माझ्याहून चांगलं जाणतोस. त्यातच सप्टेंबरच्या पुरानं मराठवाड्याची रानं धुऊन नेली. अशा पिकाच्या भरवशावर तीन वर्षांचा हप्ता गळ्यात बांधून घेतलास, तर दूध केंद्रावरची रजा तुला कधीच परवडणार नाही. हप्ता सगळ्यात आधी माणसाचे दिवस खातो. आणि या वाटेला दिवसच लागतात. तुझ्या पत्रातली मला खरी खटकलेली गोष्ट गाडी नव्हती, ते बारा दिवस होते.

२०१६ च्या नोव्हेंबरात मी पहिल्यांदा निघालो तेव्हा माझी पंधरा दिवसांची रजा होती. नेपाळात शिरताना सीमेवर भन्सार कार्यालय लागतं, म्हणजे त्यांचं सीमाशुल्क खातं. तुझी गाडी त्यांच्या देशात किती दिवस राहणार, तेवढ्या दिवसांचे पैसे भरून पावती घ्यायची. खिडकीतला माणूस विचारतो, "कति दिन?" मी म्हणालो, सात. घासा या गावाच्या पुढं डोंगराचा एक तुकडा रस्त्यावर आला होता. दोन दिवस मी तिथंच एका दिदीच्या भोजनालयात डाळ-भात खात बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी वाट मोकळी झाली. मुक्तिनाथ साठेक किलोमीटर पुढं होतं आणि माझ्याकडचे दिवस संपले होते. पावती संपायला आलेली, रजाही संपायला आलेली. मी गाडी उलट्या दिशेला वळवली. धौलागिरी पाठीमागं राहिला. त्या दिवशीचं दुःख मला अजून आठवतं.

पुढच्या वर्षी परत गेलो तेव्हा खिडकीवर मी बारा दिवस सांगितले आणि दहाव्या दिवशी सीमेवर परत पोचलो. राहिलेल्या दोन दिवसांचे पैसे वाया गेले, पण माझ्या सगळ्या प्रवासात इतके चांगले खर्च झालेले पैसे दुसरे नाहीत. एका वर्षात परदेशी गाडीला तीस दिवसांपर्यंत मुभा असते, तेव्हा तिथं कंजुषी करू नकोस. तुमच्या नेपाळातल्या बेतापेक्षा तीन दिवस जास्तीचेच लिहून घ्या.

आता तुमचे बारा दिवस मोजू. लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूर. तिथून जबलपूर, रिवा, प्रयागराज, गोरखपूर आणि सुनौलीची सीमा. हे झाले सुमारे दीड हजार किलोमीटर. (जालन्याकडून समृद्धी पकडू असं मित्रांपैकी कुणाच्या डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाक, तिथं दुचाकीला परवानगी नाही.) दिवसाला साडेतीनशे धरले तरी सीमेपर्यंत चार-पाच दिवस गेले. यायला तेवढेच. म्हणजे बारातले नऊ-दहा दिवस नुसत्या सपाटीत गेले आणि ज्याच्यासाठी निघालात त्या डोंगराला दोन-तीन दिवस उरले! मग माणूस रात्री चालवतो, पाऊस असला तरी चालवतो, डोकं दुखत असलं तरी वर चढतो. अपघात होतात ते अशाच हिशोबातून.

वीस दिवस काढा. ते जमत नसेल तर या वर्षी जाऊ नका, पुढच्या वर्षी जा. वरचं मुस्तांग या खेपेला सोडा. कागबेनीच्या पुढं तो प्रतिबंधित भाग आहे, वेगळा परवाना लागतो, त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात आणि तुझ्या बासष्ट हजारांवर त्याचा मोठा भार पडेल. मुक्तिनाथपर्यंत मात्र तेवढ्या पैशांत नीट होतं. जाऊन-येऊन पावणेचार हजार किलोमीटर, चाळीसचं मायलेज धरलं तरी पेट्रोल दहा हजारांच्या आसपास. गाडीच्या तयारीला सात-आठ हजार. रोजचं राहणं-खाणं हजार-बाराशेत बसव. तरी वीसेक हजार उरतात. ते अडीअडचणीचे. भन्सार आणि अन्नपूर्णा परिसराचा परवाना त्यातूनच, तो आपल्याला सार्क देशांच्या कमी दरानं मिळतो.

निघायचं कधी, तर भाऊबीज उरकून. तोवर सोयाबीन निघालेलं असतं, हरभरा पेरून झालेला असतो. तिकडचा तिहार म्हणजे आपली दिवाळीच, तीही आटोपलेली असते. आकाश धुतल्यासारखं असतं. पावसाळ्यात जाऊ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. १२ जुलै २०२४ च्या पहाटे नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर सिमलतालला दरड आली आणि दोन प्रवासी बस उचलून त्रिशूली नदीत घेऊन गेली. मी आयुष्यभर बसगाड्यांखाली झोपून काम केलंय. किती वजनाची वस्तू असते ती, हे मला ठाऊक आहे.

सुनौलीहून बुटवल, तानसेन करत पोखरा, हा सिद्धार्थ राजमार्ग. पोखऱ्यात एक पूर्ण दिवस थांबा, चेन ताणून घ्या, कपडे धुवा. पुढं बेनी. तिथं टाकी भरायची. बेनीपासून काली गंडकीची दरी सुरू होते. एका अंगाला धौलागिरी, ८,१६७ मीटर. दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णा, ८,०९१ मीटर. मधल्या फटीतून ही नदी आणि तिच्या कडेनं तुम्ही. तुमच्या देवघरात शाळिग्राम असेल तर तो याच नदीतला असणार, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री जिवांचा ठसा पोटात घेऊन आलेला. तुळशीच्या लग्नात आपण ज्याला नवरदेव करतो तो इथून चालत आलाय, हे त्या नदीकाठी उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा खरं वाटलं आणि मी बराच वेळ तिथून हललो नाही.

रस्ता आता पूर्वीपेक्षा रुंद झालाय, पण मध्येच खडी, मध्येच चिखल, मध्येच वरून ओघळणारं पाणी हे असतंच. पहिला मुक्काम घासा, दुसरा मार्फा, तिसरा कागबेनी. अशानं टप्प्याटप्प्यानं चढता आणि अंगाला सवय होते. जोमसोमच्या पट्ट्यात सकाळी अकराच्या पुढं दरीतून असा वारा सुटतो की उभी गाडी कलते, तेव्हा तो टप्पा सकाळीच संपवा. मुक्तिनाथचं दर्शन दिवसा घ्या. तिथं गोमुखांतून पडणाऱ्या १०८ धारा आहेत, पाणी बर्फासारखं असतं. मग खाली कागबेनीला येऊनच झोपा. डोकं जड झालं, मळमळलं, जेवण नको वाटलं तर ते थकव्याचं लक्षण समजू नका, उंचीचं समजा आणि खाली उतरा. तिघांतल्या एकाला जरी झालं तरी तिघांनीही उतरायचं, हे लातूर सोडायच्या आधीच एकमेकांना तोंडानं सांगून ठेवा. वर गेल्यावर ते बोलणं होत नाही.

घड्याळ सीमेवर पंधरा मिनिटं पुढं करायचं. नोव्हेंबरात तिकडं पाच वाजून गेले की सूर्य जातो आणि दरीत तर त्याही आधी. चार वाजता जिथं असाल तिथं मुक्काम. एक गोष्ट तुला आवडेल. नेपाळी आपल्याच लिपीत लिहितात, पाट्या वाचता येतात. पहिरो म्हणजे दरड, बाटो म्हणजे रस्ता, बिस्तारै म्हणजे सावकाश. परक्या देशात पाटी वाचता येणं हा केवढा आधार असतो!

आता ब्रेक. इथं मी थोडं जास्त बोलणार आहे. आपल्याकडं उतार आला की न्यूट्रल मारून, कित्येकदा इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय आहे. दोन थेंब पेट्रोल वाचतं म्हणे. मराठवाड्याची जमीन सपाट, उतार दोन-चार मिनिटांत संपतो, म्हणून इतकी वर्षं हे खपलं. तिकडं उतार अर्धा-अर्धा तास संपत नाही. सारखा ब्रेक दाबून धरलास की मागचा ड्रम तापतो, लायनर चमकायला लागतो, पकड जाते आणि पाय शेवटपर्यंत दाबूनही गाडी थांबत नाही. डेपोत मी असे जळालेले लायनर हातात घेतलेत, त्यांचा वास नाकातून जात नाही. उतरताना इंजिन चालू, आणि ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, म्हणजे इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं. ब्रेक फक्त वळणाआधी, थोडा दाबून लगेच सोडायचा. खडीवर पुढचा ब्रेक एका बोटानं, तोही हँडल सरळ असतानाच. तुझ्या गाडीला एबीएस नसेल तर हे दुप्पट लक्षात ठेव.

निघण्याआधी नवे ब्रेक शू, नवा चेनसेट, दोन्ही टायर चांगले, ऑइल बदललेलं. सोबत क्लच आणि ॲक्सिलरेटरची एकेक केबल, दोन ट्यूब, चेनचं लॉक, प्लग, पंक्चरचं सामान. चाक स्वतः काढून बसवायला आधी घरी शीक. सामान खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं बांध, पाठीवर काही नको.

कागद थोडक्यात. पासपोर्ट किंवा मतदान ओळखपत्र, मूळ प्रत. तुझ्या वयाला आधार कार्डावर सोडत नाहीत. व्हिसा लागत नाही. आपलं लायसन्स चालतं. आरसी, पीयूसी, विमा. विमा कंपनीला सांगून पॉलिसीत नेपाळपर्यंत भौगोलिक क्षेत्र वाढवून घे, तशी सोय मोटार विम्यात असते आणि पैसे फार पडत नाहीत. आपला एक रुपया म्हणजे त्यांचा १.६०. पोखऱ्यात मोठ्या दुकानांत यूपीआयचा क्यूआर चालेल, दरीत रोख लागेल. शंभराच्या नोटा ने, त्यांना कुणी नाही म्हणत नाही. दारू पिऊन गाडी चालवणं तिकडं भारी पडतं, पोलीस जागोजागी तपासतात. मित्रांनाही सांग.

गाडी वडिलांच्या नावावर आहे, म्हणजे त्यांचं संमतिपत्र हवं, नोटरी केलेलं, त्यांच्या ओळखपत्राच्या प्रतीसह. तेव्हा त्यांच्याशी बोलणं टाळताच येणार नाही, आणि हे चांगलंच आहे. त्यांच्यापुढं स्वप्न मांडू नकोस, कामं मांड. हरभऱ्याची पेरणी झाली, पाण्याची पाळी अमक्याकडं, दूध केंद्रावर बदली माणूस ठरला, कर्ज नाही, पैसे माझे. रिकामे उद्योग हे शब्द अर्धवट टाकलेल्या कामासाठी असतात. काम उरकून निघालास तर ते सही करतील असं मला वाटतं. नाहीच केली, तर त्यांच्याशी न भांडता एक वर्ष थांब.

राहिली आई. तिची भीती खोटी नाही, तेव्हा तिला खोटी ठरवू नकोस. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन छप्पन्न. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक थकून झोपलेले. तिसऱ्या दिवशी आम्ही डेपोतून गाडी घेऊन त्या भागात गेलो होतो. दगड-मातीच्या हात-हात रुंद भिंती आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, ओझं. माणसांवर त्यांचीच घरं पडली होती. आणि नेपाळात २५ एप्रिल २०१५ ला ७.८ चा धक्का बसला, नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. २०२३ च्या नोव्हेंबरात जाजरकोटकडं पुन्हा हादरलं. "तिथं काही होत नाही गं" असं म्हणालास तर ती तुझ्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही, आणि तिचं बरोबर असेल.

तिला खरं तेच सांग. मार्फा आणि कागबेनीत पाऊल ठेवलंस की तुला जुनी औशाकडची गावं आठवतील. दगड-मातीच्या जाड भिंती, सपाट मातीची छपरं, कडेनं रचलेलं सरपण. अगदी आपली माळवदं. तिथं बसून चहा पी, सफरचंदं खा, घरं डोळे भरून बघ. पण झोपायला नव्या, पिलर-बीम असलेल्या, बैठ्या घरातली खोली घे आणि दार ज्या बाजूला उघडतं ती बाजू मोकळी आहे का हे बघ. हे एवढं आईला सांग. गाडीचे सीसी तिला कळणार नाहीत, पण माळवदाखाली झोपायचं नाही हे तिला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. मुक्तिनाथला देवाला चाललोय असं म्हणून तिला गप्प मात्र करू नकोस. देवाचं नाव घेतलं की ती बोलायची थांबेल, भ्यायची थांबणार नाही.

एका कागदावर रोजचं मुक्कामाचं गाव मोठ्या अक्षरात लिहून तिच्याकडं दे. रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचलास की फोन. दरीत रेंज नसली तर एक दिवस फोन येणार नाही, हे आधीच सांगून ठेव, म्हणजे ती रात्र ती जागून काढणार नाही. आणि शब्द दे की मी पोचण्यासाठी जीव टाकणार नाही, वाट बंद असली तर परत फिरेन. तो पाळ.

एवढं सगळं ठरवण्याआधी एक काम. येत्या रविवारी मागं वीस किलोचं पोतं बांधून धारूरचा घाट गाठ. दुसऱ्या गिअरमध्ये चढ, त्याच गिअरमध्ये उतर, तीन वेळा. दर वेळी खाली थांबून मागच्या ड्रमजवळ नुसता हात धर, टेकवू नकोस. धग किती लागते ते मला कळव.